थेंब मोजून लाव

अगं, मत्राहच्या बाजारातून लुबानच्या तेलाची बाटली आणलीस आणि लावायच्या आधी मला विचारलंस, हे फार बरं केलंस. गालांवर आलेला वांग त्याने जाईल का, आणि छकुली झाल्यापासून मूठमूठ गळणारे केस थांबतील का, हे तुझे दोन प्रश्न. एका शब्दात उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण त्या बाटलीवर तू किती आस लावून बसली आहेस, ते तुझ्या लिहिण्यातून दिसलं. म्हणून सगळं नीट सांगते. छकुली झोपली की निवांत वाच.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. हे तेल चांगलं आहे, वासाला तर सुरेखच आहे, आणि जपून वापरलंस तर खुशाल वापर. पण ते औषध नाही. लुबानच्या डिंकाचे जे गुण लोक सांगतात, ते सगळे या तेलात उतरलेले नसतात. एवढं एकदा मनाशी पक्कं केलंस, की काय करायचं आणि काय नाही हे तुझं तुलाच कळेल.

तू तर लुबानच्या देशातच राहतेस. बोस्वेलिया जातीच्या झाडांची साल खरवडली, की पांढरा चीक बाहेर येतो. उन्हावाऱ्यावर तो सुकून त्याचे खडे बनतात, आणि मग ते काढून घेतात. ओमानच्या धोफार भागातला लुबान जगात नावाजलेला. तिथल्या डोंगरांवर जून ते सप्टेंबर खरीफचा मोसम असतो. आपल्या कोकणात पाऊस घेऊन येणाऱ्या नैऋत्येच्या वाऱ्यांमुळेच तिथे धुकं आणि भुरभुर असते. पण ‘होजरी’ म्हणून जो उत्तम लुबान विकतात, तो त्या ओल्या बाजूचा नव्हे. डोंगराच्या पलीकडे, जिथे पाऊस पोचत नाही, त्या कोरड्या रानातला. धोफारमधल्या सलालाहला गेलात तर वादी दौकाची झाडं बघून या. युनेस्कोने २००० साली जागतिक वारशात घेतलेल्या जागांपैकी ती एक आहे.

आणि हे झाड आपल्याला परकंही नाही बरं का. आपल्या सातपुड्यात, मेळघाटात, कोरड्या खडकाळ उतारांवर सालई उभी असते ना, ती याच कुळातली. तिचं शास्त्रीय नाव बोस्वेलिया सेराटा. आयुर्वेदात तिला शल्लकी म्हणतात आणि तिच्या डिंकाला कुंदुरू. सांधे सुजले, दुखले तर वैद्य शल्लकी देतात, हे तुला ठाऊक आहेच.

आता बाटलीत नेमकं काय आहे ते बघ. लुबानच्या खड्यात तीन गोष्टी असतात. पाण्यात विरघळणारा डिंक, न विरघळणारी राळ आणि उडून जाणारं सुगंधी तेल. ज्या बोस्वेलिक आम्लांचं एवढं कौतुक होतं, ती असतात राळेत. त्यांचे रेणू जड, वाफेबरोबर ती वर येत नाहीत. सुगंधी तेल काढायची नेहमीची रीत म्हणजे खड्यांमधून वाफ सोडायची आणि ती वाफ थंड करून वर आलेलं तेल वेगळं करायचं. वाफेबरोबर वर येतात ते पायनीन, लिमोनीन, थुजीन असे हलके, वासाचे घटक. राळ मागेच राहते. शिरा करताना वेलचीचा वास घरभर जातो, पण शिरा कढईतच राहतो ना, तसंच हे. म्हणून डिंकाच्या अर्कावर झालेलं संशोधन दाखवून कुणी तेल विकत असेल, तर तिथे थांबायचं. इटलीत उन्हाने जून झालेल्या त्वचेवर एक प्रयोग झाला होता, तो २०१० साली छापून आला. पंधरा स्त्रिया होत्या, आणि चेहऱ्याच्या अर्ध्या भागाला बोस्वेलिक आम्लांचं क्रीम लावलं होतं. त्यांची त्वचा सुधारलेली दिसली. पण प्रयोग छोटा होता, आणि लावलं होतं ते क्रीम होतं, बाटलीतलं तेल नव्हे.

आता तुझ्या वांगाकडे येते. गरोदरपणात शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी जास्त काम करू लागतात. त्यात ऊन पडलं की गालांवर, कपाळावर, ओठांच्या वर तपकिरी पट्टे उठतात. कितीतरी जणींना हे होतं, आणि बाळंतपणानंतर अनेकींचं हळूहळू फिकटही होतं. कुठलंही सुगंधी तेल हा रंग पुसून काढत नाही. उलट एक धोका आहे, तो नीट ऐक. आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ त्वचेला कशाचीही आग झाली, पुरळ उठलं, की ते बरं झाल्यावर मागे काळा डाग राहतो. नुसतं तेल गालाला चोळलंस आणि त्वचा भाजल्यासारखी लाल झाली, तर ज्या डागासाठी खटपट केलीस तोच आणखी गडद होईल. म्हणून वांगावर हे तेल लावूच नकोस.

वांगाचा खरा इलाज कंटाळवाणा आहे, पण तोच उपयोगी पडतो. रोज सकाळी सनस्क्रीन. एसपीएफ ३० च्या खाली नको, मस्कतच्या उन्हात ५० असलेलं बरं. त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइड घातलेलं मिळालं तर तेच घे. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वांग वाढतो, आणि साधं सनस्क्रीन तो उजेड नीट अडवत नाही. बाहेर असशील तर दर दोन तासांनी पुन्हा लाव, ओढणी चेहऱ्यावरून घे किंवा मोठ्या कडेची टोपी घाल. आणि डाग घालवायची क्रीमं मैत्रिणीच्या सांगण्यावरून आणू नकोस. अंगावर पाजते आहेस, त्यातली काही तुला या दिवसांत चालणार नाहीत. त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, पाजते आहे हे आधी सांग, मग ते देतील ते लाव.

मग चेहऱ्याला तेल अजिबात नको का? तसं नाही. एसीत बसून त्वचा ओढल्यासारखी होते म्हणालीस. वांगाची जागा सोडून बाकी चेहऱ्याला, मानेला रात्री थोडं तेल लावायला हरकत नाही. पण लुबानचं तेल कधीच नुसतं नाही लावायचं. ते साध्या तेलात मिसळायचं. बदामाचं किंवा जोजोबाचं घे. तुला पूर्वी मुरुमं यायची, म्हणून चेहऱ्याला खोबरेल नको, त्याने छिद्रं बुजतात. प्रमाण लिहून ठेव. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे दहा मिलिलिटर बदाम तेलात दोन थेंब टाकले की एक टक्का झाला. चेहऱ्याला त्याहून जास्त कधीच नको, आणि सुरुवातीला एकच थेंब टाक. तोंड धुतलं, टॉवेलने हलकं टिपलं, त्वचा किंचित ओली असतानाच या मिश्रणाचे तीन-चार थेंब तळहातावर घेऊन हलकेच दाबून लाव. डोळ्यांभोवती, ओठांवर नको. कोरडेपणा कमी होईल तो त्यातल्या बदाम तेलामुळे, कारण ते त्वचेतलं पाणी उडू देत नाही. लुबान देईल तो सुगंध. दिवसभर बाळाच्या मागे धावल्यावर दोन मिनिटं स्वतःच्या चेहऱ्याला प्रेमाने हात लावायचा, छान वास घ्यायचा, यालाही मोल आहे. ते मी कमी लेखत नाही.

लावायच्या आधी चाचणी मात्र हवीच. तयार मिश्रणाचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला, सकाळ-संध्याकाळ, तीन-चार दिवस त्याच जागी लाव. खाज, लाली, बारीक पुरळ, काहीही दिसलं तर हे तेल तुझं नाही, असं समज आणि सोडून दे. ‘पहिल्यांदा थोडं चुरचुरतंच, तेव्हाच गुण येतो’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. चुरचुरणं म्हणजे त्वचा नको म्हणतेय. आणि चुकून नुसतं तेल अंगावर सांडलं, तर लगेच पाणी ओतू नकोस, हे तेल पाण्यात मिसळत नाही. आधी साध्या तेलाच्या बोळ्याने पुसून काढ, मग साबणाने धू. डोळ्यात गेलं तर मात्र भरपूर पाण्याने डोळा धूत राहा आणि डॉक्टरांकडे जा.

बाटली उघडलीस की तिच्यावर तारीख लिही. लिमोनीन आणि पायनीन हवेशी, उजेडाशी मिळून बदलतात, आणि अशा जुनाट तेलाने त्वचेला ॲलर्जी होण्याचा धोका वाढतो. गडद काचेची बाटली, घट्ट झाकण, थंड अंधारी जागा. फ्रिजमध्ये ठेवलीस तर उत्तम, पण छकुलीच्या हाताला लागेल अशा खालच्या कप्प्यात नको. लहान मुलाच्या पोटात चुकून थोडंसं गेलं तरी घातक ठरू शकतं. गाडीत तर मुळीच विसरू नकोस. साल उलटून गेलं, किंवा वास आंबटसर, टर्पेंटाइनसारखा उग्र झाला, की अंगाला लावणं बंद.

आता केस. इथे मला तुझी काळजी जास्त वाटते, कारण घाबरून तू रोज नवीन काहीतरी डोक्याला लावशील. गरोदरपणात केस एरवीपेक्षा जास्त काळ वाढीच्या अवस्थेत राहतात, म्हणून तेव्हा तुझी वेणी दाट दिसत होती. बाळंतपणानंतर संप्रेरकं झपाट्याने उतरतात, आणि थांबून राहिलेले ते सगळे केस एकदमच विश्रांतीला जातात. मग दोन ते चार महिन्यांनी ते गळायला लागतात. छकुलीला आता चौथा महिना. म्हणजे तुझे केस अगदी वेळेवर गळतायत. बहुतेकींचं हे गळणं सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत थांबतं. कपाळाच्या कडेला, कानांवर बारीक उभे केस दिसायला लागले, की समज नवी वाढ आली.

याला लुबानचं तेल लावून काय होईल? केस थांबायचे तेव्हा आपले थांबतील, आणि श्रेय बाटलीला जाईल. सुगंधी तेलांनी केस येतात का, यावर चांगले प्रयोग फार थोडे झालेत. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला १९९८ साली चाई पडलेल्या ८६ जणांवर एक प्रयोग झाला. त्यात थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर आणि सीडरवुडचं तेल साध्या तेलात मिसळून रोज डोक्याला चोळायचं होतं, सात महिने. ती तेलं लावणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना फरक पडला, नुसतं साधं तेल लावणाऱ्यांत १५ टक्क्यांना. इराणमध्ये २०१५ साली रोझमेरीचं तेल आणि दोन टक्क्यांचं मिनॉक्सिडिल यांची तुलना झाली. दोन्हींत लुबान नव्हता, आणि दोन्ही प्रयोग बाळंतपणानंतरच्या केसगळतीवर नव्हते. हे सांगते ते तुझी हौस मोडायला नव्हे. लुबानने केस उगवतात असं छातीठोक सांगून कुणी तुझ्याकडून महिन्याला तीन बाटल्यांचे पैसे काढू नयेत म्हणून.

आपलं खोबरेल मात्र कामाचं आहे. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी वाया जातं. मिनरल ऑइल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल शेजारी ठेवून केलेल्या एका भारतीय अभ्यासात हे २००३ साली दिसलं होतं. पन्नास मिलिलिटर खोबरेलात दहा थेंब लुबान टाक, एक टक्का होतो. खोबरेल गोठलं असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेव, मग लुबान टाक. लुबान टाकल्यावर गॅसवर तापवू नकोस. न्हाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, हलक्या हाताने चोळ. रात्रभर ठेवू नकोस, छकुली तुझ्या कुशीत झोपते, उशीचं तेल तिच्या गालाला लागेल. ओले केस बारीक फणीने ओढू नकोस. वेणी सैल घाल, अंबाडा घट्ट बांधू नकोस. आणि कोंडा असेल तर तेल बंद. कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसली जाते. त्याला किटोकोनॅझोलचा शाम्पू लागतो, तोही पाजते आहे हे सांगून विचारून घे.

दुसरं, तू सहज लिहिलंयस की जिना चढताना दम लागतो आणि छातीत धडधडतं. ते मला केसांपेक्षा महत्त्वाचं वाटलं. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, लोह कमी झालेलं असतं. काहीजणींना बाळंतपणानंतर थायरॉइडचा त्रासही होतो. दोन्हींत थकवा येतो, धडधड होते आणि केसही गळतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड, एवढं तपासून घे. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नकोस, मध्ये दोन तास जाऊ देत. भांगात टाळू दिसायला लागली, किंवा कुठे नाण्याएवढी चाई पडली, तर वर्षभर वाट बघत बसू नकोस, लगेच दाखव.

छकुलीबद्दल तर आणखी काटेकोर राहा. तिच्या अंगाला, टाळूला हे तेल लावायचं नाही. तिचा चेहरा टेकतो तिथे, म्हणजे तुझ्या छातीला, गळ्याला, खांद्याला पण नाही. तिच्या खोलीत डिफ्युझर नको. आई येईल तेव्हा तिला धुरी द्यायची असेल. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला शेकून ओव्याची, बाळंतशेपांची, उदाची धुरी द्यायची रीत होती, आणि न्हालेले केस धुपावर वाळवल्यावर त्यांना येणारा वास तुलाही आवडायचा. पण धूर कशाचाही असो, तान्ह्या फुप्फुसांना तो सोसत नाही. आईशी मी बोलते, तिला वाईट वाटू न देता. तुला केसांना वास हवाच असेल तर खडा दूरच्या खोलीत, खिडकी उघडून जाळ, छकुली दुसरीकडे असताना. लुबानचे खडे रात्रभर भिजवून ते पाणी प्यायची तिथली रीत आहे. पाजते आहेस तोवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पिऊ नकोस. आणि बाटलीतलं तेल तर कुणीही, कधीही प्यायचं नाही.

बाटलीचं लेबल मला पाठव. त्यावर बोस्वेलिया आणि पुढे सॅक्रा, कार्टेराय, पॅपिरिफेरा, फ्रेरियाना किंवा सेराटा असं जातीचं नाव हवं. नुसतं ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिलं असेल तर ते अंगाला लावायचं नाही. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेव. मोठा तेलकट डाग तसाच राहिला, तर आधीच दुसरं तेल मिसळलेलं आहे, मग माझी मापं त्याला लागू होणार नाहीत. आणि वहिनी पुण्यात शोधणार असेल तर तिलाही सांग, आपल्याकडे लोबान म्हणून मिळतो तो पुष्कळदा सुमात्राच्या वेगळ्याच झाडाचा डिंक असतो, त्यामुळे शास्त्रीय नाव वाचूनच घ्यायचं.

थेंब मोजायचं आणखी एक कारण आहे. इथिओपिया, इरिट्रिया, सुदानमधल्या लुबानच्या रानांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक ठिकाणी जुनी झाडं आहेत, पण रोपं मोठी होतच नाहीत. गुरं खातात, वणवे जाळतात, आणि मोठ्या झाडांना वर्षानुवर्षं इतके घाव बसतात की ती खंगतात. असंच चाललं तर वीस वर्षांत तिथला लुबान निम्म्यावर येईल, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. झाडाच्या जखमेतून आलेली वस्तू आहे ती. दहा मिलिलिटरची एक बाटली तुला वर्षभर पुरते. दुसरी घ्यायची गरज नाही.

शेवटचं, आणि हे मनापासून. आरशात बघून तू जे लिहिलंस, ‘मी आधीची राहिलेच नाही’, ते वाचून मला रडू आलं. तुझ्या शरीराने एक जीव वाढवला, जन्माला घातला, आणि अजून पाजतंय. सावरायला त्याला वेळ दे, पोटभर जेवायला दे, झोप दे. बाटलीच्या आशेवर तपासण्यांचे दिवस मात्र घालवू नकोस. आणि रडू रोजच येत असेल, काहीच करावंसं वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सुहासरावांना या आठवड्यात एक सकाळ सुट्टी घ्यायला सांग. ते छकुलीला बघतील, तू रक्त देऊन ये, येताना सनस्क्रीन आण. लुबानची चाचणी घरी आल्यावर कर. रिपोर्ट हातात आला की कितीही वाजले असोत, मला फोन कर.